शोरूममधली मासिक सभा

मी मुळात रागीट माणूस नाही. तुर्भ्याच्या एका कंपनीच्या स्टोअर्स खात्यात मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. स्टोअर्समध्ये रागावून काही मिळत नाही, स्लिप भरूनच मिळतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही हायवेच्या कडेच्या एका गाड्यांच्या शोरूमने गेल्या वर्षी माझी जी शोभा केली, ती आठवली की आजही माझा चहा कपातून बशीत सांडतो. शोरूमचं नाव मी सांगणार नाही. घाबरतो म्हणून नाही, त्यांची फुकट जाहिरात नको म्हणून.

मला फोर बाय फोर घ्यायची होती. म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली, दगडधोंड्यांतून चढणारी ती उंच गाडी. हे वाक्य मी कोपरखैरण्यात ज्याला ज्याला ऐकवलं, त्याने आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि मग माझ्या स्कूटरकडे. आमच्या सौभाग्यवती राजश्री तर म्हणाल्या, "अहो, तुम्हाला सोसायटीच्या गेटातून स्कूटर वळवता येत नाही." हा आरोप खोटा आहे. गेट अरुंद आहे.

कारण सांगतो. आमचं गाव कोकणात. नाव सांगून उपयोग नाही, मोबाइलच्या नकाशात ते नदीच्या मधोमध दाखवतात. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, तो देवळापाशी येऊन संपतो. आमची बौद्धवाडी तिथून दोन किलोमीटर वर, टेकाडावर. मधली वाट वाडीतल्या माणसांनीच श्रमदानाने खोदलेली. रिक्षा अर्ध्यात हात टेकते. आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून, डोली करून, चौघांनी खांद्यावरून खाली आणायचं. दोन वर्षांपूर्वी गुडघा धरला तेव्हा माझ्या आईला, चांगुणाबाईंना, असंच आणलं. ती वाटभर डोळे मिटून बसली होती. खाली टेकवल्यावर म्हणाली, "धम्मा, मेल्यावर न्या चौघांनी. जित्तेपनी मला पुन्हा कुनी उचलायचं न्हाय." तेव्हापासून ती आमच्याकडे आहे आणि वाडीला गेलेली नाही.

आणि इकडे वाडीत नवा विहार बांधून झाला. येत्या बुद्धपौर्णिमेला उद्घाटन ठरलं आणि फीत वाडीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने कापायची, म्हणजे आमच्या आईने, असंही ठरलं. गुडघा बदलणारे डॉक्टर म्हणाले, नवा गुडघा सपाटीवर चालेल, टेकाड चढायचं नाव काढू नका. तेव्हा हिशेब सरळ होता. पौर्णिमेच्या आत गाडी आली तर आई विहाराच्या दारात, नाही आली तर आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली.

विकत कशाला, मागून आणा, असं तुम्ही म्हणाल. मागितली. समोरच्या बिल्डिंगचे मालक हिरामण पाटील मूळचे इथलेच, आणि त्यांच्या दारात नेमकी तीच गाडी उभी असते. ट्रकसारखे टायर, टपावर दिव्यांची माळ. रोज सकाळी ती शाम्पूने धुतली जाते. मी भीतभीत विचारलं. हिरामणशेठ बराच वेळ विचार करून म्हणाले, "गमरे, तुमाला नाय बोलनार नाय मी. पन तिकरं माती हाय ना? गारी खराब होल." मग त्यांनी मला अर्धा तास सल्ला दिला. पांढरी घेऊ नका, मळते. काळी घेऊ नका, चरे दिसतात. पावसात काढू नका. त्यांची गाडी आजवर पाम बीच रोड सोडून कुठेही गेलेली नाही.

तर शोरूम. मी स्कूटरवरून गेलो, तर वॉचमनने मला न विचारता मागच्या बाजूला, जिथे पार्सलवाले जातात, तिथे पाठवलं. फिरून पुढे आलो. आत हितेश नावाचा करावे गावचा तरुण माझ्या वाट्याला आला. टाय लावलेला, नम्र, आणि ऐकण्याच्या बाबतीत ठार बहिरा. मी फोर बाय फोर म्हणालो, तो मला छोट्या फॅमिली कारकडे घेऊन गेला. मी पुन्हा फोर बाय फोर म्हणालो. त्याने फॅमिली कारची डिकी उघडून दाखवली आणि म्हणाला, "सर, भाजी आरामात मावते." माझ्या चेहऱ्यावर असं काय भाजीसारखं लिहिलंय, हे मी घरी जाऊन आरशात बघितलं.

तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने टॅब काढला. त्यात फॉर्म होता. गाडी घेण्याचं कारण, आणि खाली चार पर्याय: साहस, वीकएंड, कॅम्पिंग, इतर. मी म्हणालो, "घरी जाणे." तो म्हणाला, "तसं ऑप्शन नाय सर. कॅम्पिंग करू?" मी म्हणालो, माझी आई कॅम्पिंगला जात नाही, स्वतःच्या घरी जाते. शेवटी 'इतर' झालं. 'इतर' निवडल्यावर पुढे खुलासा लिहावा लागतो आणि त्या चौकोनात पंधराच अक्षरं मावतात. आमच्या वाडीचा प्रश्न पंधरा अक्षरांत मावला असता तर तो कधीच सुटला असता.

टेस्ट ड्राइव्ह पाम बीच रोडवर. नवी मुंबईत याहून गुळगुळीत जागा सापडणार नाही. गाडीत गिअरच्या बाजूला एक छोटा दांडा असतो, तो ओढला की चारही चाकं कामाला लागतात. गाडी घ्यायची ती त्या दांड्यासाठीच. मी हात नेला, हितेशने माझा हात धरला. "सर, टेस्ट ड्राइव्हला त्याला टच करायचं नाय. पॉलिसी हाय." मी म्हणालो, मग निदान एखाद्या खडबडीत रस्त्यावरून तरी ने. त्याने मला सीवूड्स स्टेशनच्या बाजूच्या स्पीड ब्रेकरवरून दोनदा नेलं आणि विचारलं, "कसं वाटलं सस्पेन्शन?" खरा ऑफ-रोड अनुभव कंपनी एका खास कार्यक्रमात देते, आणि त्या कार्यक्रमाला फक्त गाडी घेतलेल्यांनाच बोलावतात. आंबा चाखायचा असेल तर आधी पेटी घ्या, असा हा व्यवहार.

पण खरा प्रश्न आईच्या गुडघ्याचा होता. गाडी उंच. तिला चढता येईल का, हे तिने चढून बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून पुढच्या शनिवारी मी तिला रिक्षाने घेऊन गेलो. तिने ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. गाडीजवळ एक चकचकीत पाटी उभी होती. आई साठीत रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली, त्यामुळे दिसेल ती पाटी ती वाचते, दुकानांची, दवाखान्यांची, अगदी ट्रकच्या मागचीही. अक्षरांवर बोट फिरवत तिने वाचलं, "कृपया, स्पर्श, करू, नये." मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ही पाटी अजून हाय व्हय रं?"

मी म्हटलं, आई, ही सगळ्यांसाठी आहे. ती म्हणाली, "सगळ्यांसाठी हाय? मग बरं हाय."

हितेशने सांगितलं की ही डिस्प्लेची गाडी आहे, सीटवरचं प्लास्टिक फाटतं, आजींना बसता येणार नाही. आम्ही मुकाट्याने कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलो. तेवढ्यात गॉगल घातलेला एक इसम आला, त्याच्याबरोबर मोबाइल धरलेले दोघे, आणि तो सरळ त्याच गाडीच्या बॉनेटवर चढून बसला. व्हिडिओ काढून घेतला. मॅनेजरने त्याला कॉफी आणून दिली. म्हणजे पाटी सगळ्यांसाठी नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी काही बोललो नाही, आणि बोललो नाही याचा राग मला आजही त्या शोरूमपेक्षा जास्त येतो.

तरीही गाडी मी तिथेच बुक केली. ठाण्यात विचारलं तर आठ महिने थांबा म्हणाले, इथे एप्रिलअखेर नक्की म्हणाले. बुकिंग झालं आणि फोन सुरू झाले. कुटुंबात स्वागत आहे म्हणून एक. बुकिंगचा अनुभव कसा होता म्हणून दुसरा. पहिल्या फोनवरची मुलगी कशी बोलली, दहापैकी किती, म्हणून तिसरा. गाडी कधी येणार, हे सांगायला मात्र एकही नाही. मी फोन केला की यंत्र बोलायचं, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की हिंदीतून गाणं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हितेशला गाठलं तर तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमची गाडी आली होती. ती अलोकेट झाली दुसरीकडं." कुणाकडे, ते त्याला सांगावं लागलं नाही. बाहेर गॉगलवाला माझ्या गाडीच्या टपावर उभा राहून व्हिडिओ काढत होता. माझी आता दिवाळीनंतर.

हे मी मंडळात सांगितलं. आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. कोकणातल्या प्रत्येक वाडीचं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा, हजेरी, मागच्या सभेचं इतिवृत्त, ठराव, सूचक, अनुमोदक. वाडीत कुणाच्या म्हशीने कुणाची भाजी खाल्ली तरी त्याचा ठराव इथे कोपरखैरण्यात होतो. सिताराम येलवे हे आमचे एकतीस वर्षं सरचिटणीस. त्यांचा नियम असा की ठराव कशाचाही असो, दुखवट्याचा असो की क्रिकेटच्या सामन्यांचा, शेवटचं वाक्य ठरलेलं: 'तसेच वाडीचा रस्ता तातडीने मंजूर व्हावा.' एकतीस वर्षांत या वाक्याला कुठूनही उत्तर आलेलं नव्हतं.

सितारामकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पाटीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "धम्मपाल, आजची सभा तहकूब. पुढच्या रविवारी भरेल. स्थळ, शोरूम."

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौतीस जण आत शिरलो. रविवार म्हणजे त्यांचा गाड्या देण्याचा दिवस. लाल गालिचा, रिबिनी, केक, सगळा थाट. हितेश धावत आला. "सर, हे सगळे?" सितारामकाका म्हणाले, "गाडी बघायला आलोय बाबा. गाडी मोठी हाय, बघायला मानसं बी तेवढी पायजेत." सोफे भरले, उरलेले गालिच्यावर बसले. आई मधल्या खुर्चीत. रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या. आमची सभा त्रिसरण-पंचशीलाने सुरू होते, तशी ती झाली. सगळे उभे राहिले. शोरूमचे लोकही उभे राहिले, वॉचमननेही टोपी काढून हात जोडले. मग काकांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. ते कधीच थोडक्यात नसतं.

विषय क्रमांक तीनला, म्हणजे वाडीच्या पाण्याच्या टाकीला, जनरल मॅनेजर अरविंदसाहेब केबिनमधून बाहेर आले. गॉगलवाल्याला कॉफी देणारे तेच. म्हणाले, "हे काय चाललंय? हे कमर्शियल प्रिमायसेस आहे." काका म्हणाले, "साहेब, मधे बोलायचं झालं तर हात वर करायचा. अध्यक्ष परवानगी देतील." अरविंदसाहेबांचा हात खरोखर थोडा वर गेला. मी पाहिलं आहे.

विषय क्रमांक सात माझा. मी उभा राहून सगळं सांगितलं, तारखांसकट, फोनच्या संख्येसकट. सत्तावीस वर्षं स्टोअर्समध्ये उगाच काढलेली नाहीत. पाटीचंही सांगितलं. मागे सोफ्यावर बसलेल्या एक बाई उठल्या. आमच्यापैकी नव्हत्या, सीवूड्सच्या. त्या म्हणाल्या, "माझी गाडी फेब्रुवारीत येणार होती. माझं पण लिहा." त्यांच्यामागे एक गृहस्थ. त्यांना नवी म्हणून दिलेल्या गाडीत कुणाचा तरी जुना कंगवा सापडला होता. काकांनी सगळ्यांची नावं 'विशेष निमंत्रित' म्हणून घेतली. केक कापायला आलेलं एक कुटुंब केक तसाच ठेवून ऐकत उभं राहिलं.

अरविंदसाहेब माझ्या कानाशी येऊन विचारू लागले, "अजून किती वेळ?" मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "सातवर हाओत. एकुनिस हायत. आयत्या वेळचे विषय निराळे." विषय क्रमांक नऊला अरविंदसाहेब शरण आले. पंचवीस एप्रिलच्या आत गाडी, असं लिहून सही-शिक्का केला. काकांनी ठरावाची प्रत त्यांच्या हातात दिली आणि पोच घेतली. मग आईने डिस्प्लेच्या गाडीत बसून बघितलं. हितेशने स्वतः स्टूल आणून ठेवलं, तिचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "आजी, दमानं. माजी आजी पन गारीत अशीच चरते." पाटी कुणी तरी आधीच आत नेली होती.

दुसऱ्या दिवशी शोरूमकडून ईमेल आला. 'आपल्या दोन्ही तक्रारींची नोंद घेतली आहे. एक, वाहन वितरण. दोन, वाडीचा रस्ता. दोन्हींचे निराकरण सात कार्यालयीन दिवसांत करण्यात येईल.' सितारामकाकांनी तो मोठ्या अक्षरांत छापून घेतला. रस्त्याबाबत लेखी आश्वासन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

गाडी आली. तीन दिवस उशिरा आली, पण आली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी देवळापाशी डांबर संपलं तिथे थांबलो. मी तो दांडा ओढला. राजश्री मागे डोळे मिटून बसली होती. गाडी दगडांवरून, चरांतून गुरगुरत चढली आणि थेट विहारासमोर जाऊन उभी राहिली. वाडीत आलेली ती पहिली चारचाकी. पोरं चाकांना हात लावून बघत होती. आई स्टुलावर पाय ठेवून खाली उतरली, पदर सारखा केला आणि कुणाचाही हात न धरता विहाराच्या पायरीपर्यंत चालत गेली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

उद्घाटनाला तालुक्याच्या कार्यालयातून एक साहेब पाहुणे म्हणून बोलावले होते. ते टेकाड चालत चढून घामाघूम होऊन आले आणि गाडी बघून थक्क झाले. म्हणाले, "ही इथवर आली?" आता इथे मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. महिनोन्‌महिने अपमान गिळलेला माणूस मी, चारचौघांत पहिल्यांदाच कुणी तरी कौतुकाने विचारत होतं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणालो, "आरामात आली साहेब. दहा मिनिटांत. काही त्रास नाही." साहेबांनी फोटो मागितला. मी फडक्याने नंबरप्लेट पुसून दिली. आई फीत कापून आली होती, तिलाही गाडीशेजारी उभं केलं. मागे विहार, बाजूला वाट, छान फोटो आला. साहेबांनी माझं पूर्ण नावही लिहून घेतलं.

महिन्याभराने मंडळाला कार्यालयाचं पत्र आलं. एकतीस वर्षांतलं पहिलं. सितारामकाका ते हातात घेऊन आमच्या घरी आले, आणि ते माझ्या हातात दिलं. मी वाचलं. 'सदर वाडीपर्यंत चारचाकी वाहन सुस्थितीत पोहोचत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे, छायाचित्र सोबत. वाहनमालक श्री. धम्मपाल गमरे यांच्या सांगण्यानुसार हे अंतर दहा मिनिटांत व विनात्रास कापले जाते. सबब रस्त्याची मागणी निकाली काढण्यात येत आहे.'

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि सोबतचा फोटो नीट बघितला. गाडी, मी, ती. मग तिने पत्र घडी करून काकांच्या हातात दिलं.

"सिताराम," ती म्हणाली, "त्या साहेबाला फुडल्या पौर्निमेला पुन्हा बोलाव. गाडी खाली देवळापाशी ऱ्हाऊ दे. मी डोलीत बसन. फोटो तेचा काढायला सांग."

सितारामकाकांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, सूचक म्हणून कुणाचं नाव लिहू. आईने स्वतःचं नाव सांगितलं. अनुमोदक म्हणून मी सही केली.